कष्टाच्या पोरांचा रक्तदाब

"कष्टाच्या माणसाले बीपी राहत नाही," हे मी मूर्तिजापूरच्या माझ्या दवाखान्यात नेहमी ऐकते. म्हणणारा बहुधा बाप असतो. शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा काटक पोरगा बसलेला असतो. डोकं दुखतं, गरगरतं म्हणून त्याला आणलेलं असतं. मी दंडाला पट्टा बांधते, आणि वरचा आकडा १४० च्या पुढे निघाला की बाप यंत्राकडेच संशयाने पाहतो. "डाक्टरीनबाई, पोट्टं दिवसभर पोते उचलते. त्याले कायचा बीपी? थो त बसून खाणाऱ्यायचा रोग हाये."

या समजुतीला आम्ही डॉक्टरही थोडे जबाबदार आहोत. चाला, घाम गाळा, रक्तदाब ताब्यात राहील, असं आम्हीच सांगत आलो. मग जो रोजच घाम गाळतो त्याचा रक्तदाब का वाढावा? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण अकोला-अमरावती पट्ट्यात राबणारी किशोरवयीन मुलं घरोघरी आहेत. कुणी कापूस वेचायला जातं, कुणी सोयाबीन सोंगायला. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या हंगामात पेट्या भरणारी मुलं आहेत, अकोल्याच्या डाळ मिलांत पोती चढवणारी आहेत. महामार्गावरचे ढाबे, गॅरेज, कापडाची दुकानं, लग्नसराईतले वाढपी यांत त्यांचे चेहरे रोज दिसतात. काहींनी शाळा सोडली आहे, काही शाळा सांभाळून रोजीने जातात.

या मुलांनी कामच करू नये, असं मी म्हणणार नाही. माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं. शाळेच्या सुट्टीत आम्ही सगळीच भावंडं वेचणीला जायचो आणि त्या पैशांत वह्या यायच्या. माझं म्हणणं असं आहे की मुलाचा रक्तदाब कामाच्या अटींवर अवलंबून असतो. किती तास, किती झोप, कसलं पाणी, किती विसावा आणि कुणाच्या हुकमाखाली, यावर. आणि ज्या मुलांच्या अटी सर्वांत वाईट आहेत, नेमकी तीच मुलं तपासणीच्या बाहेर राहतात.

आकडा कसा वाचायचा

रक्तदाबाचा वरचा आकडा हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा, तर खालचा दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्याचा. मोठ्यांसाठीचा १४०/९० हा आकडा आता बहुतेकांना ठाऊक आहे. मुलांचं मोजमाप वेगळं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांनुसार १३ वर्षांखालच्या मुलांचा आकडा वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यावरून ठरवतात. १३ वर्षांपासून पुढे हिशोब सोपा होतो. १२०/८० च्या आत असेल तर सामान्य. वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत असेल तर वाढीकडे झुकलेला. १३०/८० पासून उच्च रक्तदाबाची पहिली पायरी, १४०/९० पासून दुसरी. एका दिवसाच्या आकड्यावर मुलाला कधीही रोगी ठरवायचं नसतं. तीन वेगवेगळ्या भेटींत आकडा चढाच निघाला तरच निदान पक्कं होतं.

आपल्याकडे २०१६ ते २०१८ या काळात सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झालं. त्यात १० ते १९ वयोगटातल्या सुमारे ५ टक्के मुलामुलींना उच्च रक्तदाब असल्याचं आढळलं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं.

मोजण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मुलाला तीन ते पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, उजवा हात हृदयाच्या पातळीला. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. पट्टा लहान पडला तर आकडा फुगून येतो आणि फार मोठा झाला तर खरा दाब लपतो. माझ्याकडे येणाऱ्या कामकरी पोरांचे दंड बारीक असतात. त्यांना मोठ्या माणसांचा पट्टा गुंडाळला तर चढलेला रक्तदाबही सामान्य दिसू शकतो. ऋतूचाही परिणाम होतो. उन्हाळ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी जातं आणि आकडा उतरतो, थंडीत तो चढतो. त्यामुळे मे महिन्यात बरा दिसलेला आकडा कापसाच्या हंगामात मी पुन्हा तपासते.

आणखी एक गोष्ट पालकांना आवर्जून सांगते. लठ्ठ मुलात वाढलेल्या रक्तदाबाचं कारण बरेचदा वजनातच सापडतं. अंगाने सडसडीत असलेल्या मुलात मात्र आधी किडनीकडे पाहावं लागतं. लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि गरज पडली तर सोनोग्राफी, एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

व्यायाम वेगळा, राबणं वेगळं

आता बापाच्या प्रश्नाकडे येते. व्यायामात माणूस अर्धा-पाऊण तास जोर लावतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि मग शरीराला पूर्ण विश्रांती मिळते. त्या विश्रांतीत रक्तवाहिन्या सैलावतात आणि व्यायामानंतर कित्येक तास दाब थोडा खाली राहतो. हमालीत असं घडत नाही. पाठीवर पोतं घेताना श्वास रोखला जातो, स्नायू आवळले जातात आणि दाब एकदम उसळतो. तो पुरता उतरायच्या आत पुढचं पोतं पाठीवर येतं. हे आठ-दहा तास चालतं. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमन यांनी ही तफावत अनेक अभ्यासांतून मांडली आहे. मोकळ्या वेळेतली हालचाल हृदयाला तारते, पण विश्रांतीविना केलेली दिवसभराची अंगमेहनत तसा लाभ देत नाही, उलट हृदयविकाराचा धोका वाढवू शकते.

दुसरी गोष्ट हुकमाची. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये एक मांडणी केली. ज्या कामात मागणी खूप आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ते काम माणसाला सर्वांत जास्त पोखरतं, असं ती सांगते. १९९० मध्ये पीटर श्नॉल आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या नोकरदार पुरुषांची तपासणी केली. अशा ताणाखाली काम करणाऱ्यांचा कामावरचा खालचा रक्तदाब जास्त होता आणि त्यांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचं वजनही वाढलेलं होतं. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. हृदयविकाराने जाणाऱ्यांत वरिष्ठ साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरचे लोक जास्त होते, हे त्यातून दिसलं.

हे अभ्यास प्रौढांचे आहेत. पण ढाब्यावर काम करणारा पंधरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. कधी बसायचं, कधी जेवायचं, कधी लघवीला जायचं, काहीच त्याच्या हातात नसतं. गिऱ्हाईक ओरडतं, मालक ओरडतो, आचारी ओरडतो. दर हाकेला शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात. हे रोज, महिनोन्‌महिने चाललं तर किडनी मीठ धरून ठेवू लागते आणि चढलेला दाब तिथेच मुक्काम करतो.

तिसरी गोष्ट झोप. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारा तोच खरा विसावा. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये सुझन रेडलाइन यांच्या गटाने १३ ते १६ वर्षांच्या २३८ निरोगी मुलांची झोप मोजली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांची झोप सारखी मोडत होती, त्यांचा रक्तदाब वाढीकडे झुकलेला असण्याची शक्यता सुमारे साडेतीन पट निघाली. आमच्याकडे लग्नसराईत वाढप्याचं काम करणारी मुलं रात्री दोनला भांडी आवरून घरी येतात आणि सकाळी सातला कॉलेज गाठतात. त्यांच्याशी बोलताना मी आधी झोप विचारते, आहार नंतर.

आपल्या मातीतली कारणं

काही कारणं खास आपल्या भागातली आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. वान आणि शहानूर प्रकल्पांमुळे बऱ्याच गावांना गोड्या पाण्याचा नळ मिळाला. शेतात मात्र कॅन रिकामी झाली की जवळच्या बोअरचंच पाणी प्यावं लागतं.

खाऱ्या पाण्याचा रक्तदाबाशी संबंध बांगलादेशच्या किनारपट्टीवर तपासला गेला आहे. पिण्याच्या पाण्यातलं सोडियम लिटरमागे १०० मिलिग्रॅमने कमी झालं की वरचा आकडा सरासरी १ च्या आसपास उतरतो, असं तिथल्या एका अभ्यासात २०१७ मध्ये दिसलं. हा फरक छोटा वाटेल, पण कडक उन्हात शेतावरचा मुलगा दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पितो. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. किंचित खारट पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असेल तर ते रक्तदाब थोडा उतरवू शकतात. म्हणून आपल्या प्रत्येक गावाचं पाणी वेगळं तपासायला हवं. सरसकट भीती नको, तसंच दुर्लक्षही नको.

त्यात शिदोरीतलं मीठ मिळवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. ठेचा, लोणचं, कामाच्या सुट्टीत आलूबोंडा आणि संध्याकाळी खारा चिवडा, एवढ्यात ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

उन्हाचं दुखणं याहून खोल आहे. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लागू झालं. कामगारांना पिण्याचं पाणी आणि पंख्यांची सोय द्यावी, खासगी शिकवण्यांनी भर दुपारची वेळ टाळावी, असे आदेश निघाले. शिकणारी मुलं आणि राबणारी माणसं या दोघांचा विचार एकाच आदेशात झाला, हे मला मोलाचं वाटलं. उन्हात दाब तात्पुरता उतरतो, पण शरीरातलं पाणी पुन्हा पुन्हा आटलं तर किडनीला इजा होते. आणि किडनी दुखावली की पुढे रक्तदाब आवरणं अवघड होत जातं.

याच टप्प्यावर वेदनाशामक गोळी येते. कंबर धरली, खांदा भरला की पोरं किराणा दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतात आणि पुन्हा कामाला लागतात. या गोळ्या रक्तदाब वाढवतात. अंगात पाणी कमी असताना घेतल्या तर किडनीचा रक्तपुरवठाही घटवतात. "गोळी घेतल्याबिगर पोतंच उचलत नाही, मॅडम," असं सोळा वर्षांचा मुलगा सांगतो तेव्हा त्याला गोळी बंद कर म्हणणं पुरत नाही. त्याच्या पाठीवरच्या वजनाबद्दल मालकाशी बोलावं लागतं, आणि मी बोलते.

राहिला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भातल्या कामाच्या जागेवर चहासारखी फिरते. मोठ्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या मुलाला ती बरोबरीचा मान म्हणून मिळते. तंबाखूतलं निकोटिन ठोके वाढवतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. भूक मरते म्हणून जेवणाची सुट्टी टाळायला काही मुलं तोंडात खर्रा धरूनच राबतात. तोंडाच्या कर्करोगाबद्दल आपण बोलतो ते योग्यच आहे, पण पंधराव्या वर्षी खर्रा घेणाऱ्याच्या रक्तदाबाबद्दलही बोललं पाहिजे.

दूरच्या शेतांतली मुलं

हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांतली मुलं शाळा करून शेतांत, हॉटेलांत, बांधकामावर राबतात. आईबापांच्या संमतीने १२ वर्षांच्या मुलालाही शाळेबाहेरच्या वेळेत शेतावर काम करू देणारा कायदा तिथे आहे. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने २०१४ मध्ये तंबाखूच्या शेतांत काम करणाऱ्या १४१ मुलांशी बोलून अहवाल काढला, त्यात बहुतेक मुलं याच समाजातली होती. ओल्या तंबाखूच्या पानांतलं निकोटिन कातडीतून अंगात भिनून त्यांना मळमळ, डोकेदुखी, गरगरणं व्हायचं. या समाजातल्या मुलांच्या हृदयाचं आरोग्य समजून घेण्यासाठी न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या १,४६६ मुलामुलींची पद्धतशीर तपासणीही झाली आहे. आपल्याकडच्या कामकरी मुलांची अशी पाहणी व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

सर्वांत आशादायी धडा निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसतोड मजुरांकडून मिळतो. तिथे ऐन तारुण्यातली माणसं किडनी निकामी होऊन दगावत होती. प्रखर उन्हातली सलग मेहनत हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. मग काही ठिकाणी पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळेचा विसावा सक्तीचा झाला आणि मजुरांच्या किडनीची इजा घटल्याचं मोजमापात दिसलं. ऊस तोडला जातच होता, फक्त त्याच्या अटी बदलल्या होत्या.

पोटातल्या बाळापासून

एकच काम दोन मुलं करतात, पण एकाचा दाब लवकर चढतो. याचं एक मूळ जन्माआधीच्या काळात आहे. कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या किडनीत रक्त गाळणारे घटक कमी असू शकतात आणि मोठेपणी त्याला उच्च रक्तदाबाचा धोका जास्त राहतो. ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हा धागा पुढे आणला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास चालवला. गरोदरपणात शेतावर आणि घरात जड कष्ट करणाऱ्या बायांची बाळं लहान निपजतात, हे त्यातून दिसलं. आमच्या अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट कमी वजनाच्या बाळांसाठी कितीतरी वर्षं बातम्यांत आहे. त्यातली काही बाळं आज सोळा वर्षांची होऊन कुटुंबासह खाली सपाटीवर मजुरीला उतरतात. आईच्या कष्टांचा भार मुलाच्या शरीरात आधीच असतो आणि त्यावर त्याच्या स्वतःच्या कष्टांचा चढतो. म्हणून त्यांची तपासणी आधी व्हायला हवी.

यादीत नसलेली मुलं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. दुसऱ्या टोकाला, आशाताई घरोघरी जाऊन रक्तदाब आणि मधुमेहासाठी माणसं शोधतात ती ३० वर्षांच्या पुढची. नववीत शाळा सोडून ढाब्यावर गेलेला मुलगा पहिल्या यादीतून निघतो आणि दुसऱ्या यादीत यायला त्याला पंधरा वर्षं लागतात. तेवढ्या काळात चढलेला दाब हृदय, किडनी आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं काय करतो, ते तिशीतल्या लकव्याच्या रुग्णांत मला दिसतं.

बालकामगारांबद्दलचा कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात केलेली मदत वगैरे मोजके अपवाद आहेत. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामांना बंदी आहे. ज्या आस्थापनांत त्यांना काम देता येतं, तिथे सलग तीन तासांनंतर निदान एक तासाची सुट्टी, ती धरून आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळही धरून दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही आणि आठवड्याला एक पूर्ण रजा, असा नियम आहे. हे वाचताना मला जाणवतं की जणू रक्तदाब डोळ्यांसमोर ठेवूनच तो लिहिला आहे. झोप, विसावा, तासांची मर्यादा, सगळं त्यात आहे. अभ्यासाला बाधा न आणता मर्यादित तासांचं, मानाचं काम देणारी 'कमवा आणि शिका'ची परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्रात रुजवली. तिच्यातही हेच शहाणपण आहे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. आईबापांनी कामाला जाणाऱ्या मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजून घ्यावा, घरात कुणाला किडनीचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर दोनदा. शासकीय रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथे समुपदेशक भेटतात आणि पैसे लागत नाहीत. मालकांनी वजनाला, तासांना आणि रात्रीच्या कामाला मर्यादा घालावी, कामाच्या जागी गोडं पाणी आणि सावली ठेवावी, पोरासमोर खर्र्याची पुडी सोडू नये. ग्रामपंचायतींनी शेतशिवारातल्या पाण्याचं सोडियम तपासून फलकावर लिहावं. आणि आरोग्य विभागाने शाळेबाहेरच्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची गाववार यादी करून आशाताईंच्या हाती द्यावी, सोबत बारीक दंडाला बसेल असा पट्टाही द्यावा. आशाताई गावात आहेत आणि यंत्रही आहे. या मुलांचं नाव तेवढं यादीत चढवायचं आहे.